शहरातल्या मंडळीसाठी पाळक घडवताना

मराठवाड्यातल्या चर्चमध्ये दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. नुकतीच पदवी हातात पडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी पाळकसाहेबांना विचारते, "मला सेवेत यायचंय, आता काय शिकू?" उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात मिळतं: "पुण्याला सेमिनरीत जा." सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. तिथे किती वर्षं जातात, कोणती पदवी कशासाठी असते आणि ती घेऊन वाळूजला, जालन्याला किंवा लातूरला परत आल्यावर त्यातलं काय कामाला येतं, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही. घरच्यांना तर मुळीच नाही. त्यामुळे आईवडील पोराला आशीर्वाद देऊन गाडीत बसवतात, पण तो नेमकं काय शिकतोय हे शेजाऱ्याला सांगायची वेळ आली की गडबडतात.

आधी पदव्यांचा गुंता सोडवू. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये जे नाव सतत कानावर पडतं ते सेरामपूर. आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं हुगळीकाठचं. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ साली तिथे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे १९१८ मध्ये बंगालमध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला आणि सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची, आजची व्यवस्था उभी राहिली. मराठी माणसाला केरी परका नाही. त्याने मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं आणि मराठी नवा करार १८११ मध्ये. आज देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या या सिनेटशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम आणि पदवी सिनेटची, शिकवणं त्या त्या सेमिनरीचं. पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी ही आपल्याला जवळची नावं. युनियन बिब्लिकल १९८३ पर्यंत यवतमाळला होती, त्यामुळे जुने पाळक अजूनही "मी यवतमाळचा" असं सांगतात.

सेवेची मुख्य पदवी म्हणजे बी.डी., बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. ती पदवीधरांसाठी आहे आणि साधारण चार वर्षांची आहे. "बी.ए. झाल्यावर परत बी.च कशाला?" असं नातेवाईक विचारतात. त्यांना सांगायचं, की वकिलीची एलएल.बी. पदवीनंतर करता येते तसंच हे आहे. बी.डी. ही पाळकाच्या कामाची पहिली व्यावसायिक पदवी. तिच्यात हिब्रू आणि ग्रीक भाषा, जुना आणि नवा करार, चर्चचा इतिहास, ईशज्ञान (थिऑलॉजी), नीतिशास्त्र, भारतातले धर्म, समाजाचा अभ्यास, पाळकीय सेवा आणि समुपदेशन असं सगळं येतं. त्यानंतर एखाद्या विषयात खोल जायचं असेल तर दोन वर्षांची एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी). काही सेमिनऱ्या बी.डी.ऐवजी एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) देतात. ती बहुधा तीन वर्षांची असते आणि तिची मान्यता एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन या १९७० मध्ये स्थापन झालेल्या संघाकडून येते. कॅथलिक धर्मगुरूंची वाट निराळी आणि बरीच लांब. आधी तत्त्वज्ञान, मग काही काळ प्रत्यक्ष काम, मग ईशज्ञान, अशी वर्षांमागून वर्षं जातात. पुण्यातली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा आहे.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पदवी नेमकी कोण देणार? आणि ती आपल्या चर्चला पाळकपदाच्या दीक्षेसाठी चालते का? दीक्षा सेमिनरी देत नाही, चर्च देतं आणि प्रत्येक चर्चचे नियम वेगळे असतात. चार वर्षं घालवून परत आल्यावर "ही सेमिनरी आम्हाला मान्य नाही" असं ऐकावं लागू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शहरासाठी वेगळं शिक्षण लागतं तरी का?

मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या मंडळ्या गावांत आणि मिशन कंपाउंडमध्ये वाढल्या. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गावच वसवलं. अशा ठिकाणी चर्च, शाळा, दवाखाना आणि पाळकाचं घर एका हाकेच्या अंतरावर असायचं. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे पाळकाला न सांगता कळायचं. आपल्या पाळकीय सेवेच्या कल्पना अजून त्याच घडणीच्या आहेत: सकाळी घरभेटी, संध्याकाळी प्रार्थना, रविवारी दहाला उपासना.

औरंगाबादजवळच्या वाळूजला हे वेळापत्रक टिकत नाही. १९८० च्या दशकात तिथे बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागून सुटे भाग करणारे शेकडो छोटे कारखाने आले आणि बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या पावणेबारा लाख होती. वाळूज, बजाजनगर, रांजणगाव हा कामगारपट्टा त्या हद्दीच्या बाहेरच राहिला. या पट्ट्यात पाळक सकाळी अकराला घरभेटीला गेला तर निम्म्या दारांना कुलूप असतं आणि उरलेल्यांत कुणीतरी तिसरी पाळी करून झोपलेलं असतं. काही कारखान्यांची सुट्टी रविवारी नसतेच. माणूस इथे दहा वर्षं राहतो, पण त्याचं नाव गावाकडच्या मंडळीच्या रजिस्टरात असतं. लग्न गावाकडे, बाप्तिस्मा गावाकडे, दफनही गावाकडे. शहरातल्या पाळकाच्या दप्तरी तो कुठेच नाही. कागदावर मंडळी साठ कुटुंबांची दिसते आणि नाताळला उभं राहायला जागा पुरत नाही, ती यामुळेच.

अशा ठिकाणी उत्तम ग्रीक येणारा, पण पाळ्या आणि ठेकेदारी न कळणारा पाळक मनापासून राबतो आणि तरी लोकांपर्यंत पोचत नाही. म्हणून शहरी सेवाकार्याच्या शिक्षणात वर्गातल्या विषयांबरोबर दोन गोष्टींवर विशेष भर असतो: वस्तीचा अभ्यास आणि देखरेखीखाली केलेलं काम.

वस्तीचा अभ्यास असा चालतो. विद्यार्थ्याला एक वस्ती नेमून दिली जाते. समजा मुकुंदवाडी. पहिले काही आठवडे त्याने उपदेश करायचा नाही, सभा घ्यायची नाही. फक्त फिरायचं, बसायचं, विचारायचं आणि लिहायचं. पहाटे मजूर कुठल्या चौकात उभे राहतात? नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि त्या दिवशी बायका किती वाजता उठतात? जायकवाडीसारखं धरण उशाला असून शहरात नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस हा इथे पंचांगाइतका महत्त्वाचा आहे. त्या संध्याकाळी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, ठेवली तर कुणी येणार नाही आणि पाळकाला वाटेल की लोक विश्वासात थंडावले. मायक्रोफायनान्सची वसुली कोणत्या वारी, कुणाच्या ओट्यावर होते? हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका काय करतात? मेस कोण चालवतं? विहार कुठे, मशीद कुठे, देऊळ कुठे, आणि भांडण झालं की लोक आधी कुणाकडे जातात? हे सगळं एका नकाशावर मांडायचं आणि मग त्याच्यावरून ठरवायचं की इथे मंडळीने काय करावं, केव्हा करावं आणि काय करू नये. महिला मंडळाची सभा मंगळवारी सकाळी ठेवायची नाही, कारण मंगळवारी हप्ता असतो. एवढी साधी गोष्ट कळायला कित्येक फेऱ्या माराव्या लागतात.

दुसरी गोष्ट माझ्या मते या सगळ्या शिक्षणाचा गाभा आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन नावाची पद्धत अमेरिकेत १९२५ च्या सुमारास अँटन बॉइसन या पाळकाने वूस्टरच्या मनोरुग्णालयात सुरू केली. बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आलेला होता. विद्यार्थ्यांनी पुस्तकांबरोबर जिवंत माणसांकडूनही शिकावं, हा त्याचा आग्रह. आज तिकडे या शिक्षणाचा एक टप्पा किमान ४०० तासांचा असतो. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ही पद्धत रुजवली आहे. यात विद्यार्थी रुग्णाला भेटतो, परत येऊन झालेलं बोलणं आठवून शब्दशः कागदावर उतरवतो आणि गटासमोर, अनुभवी मार्गदर्शकासमोर वाचतो.

ते कसं असतं हे एका नमुन्याने दाखवतो. समजा विद्यार्थी घाटी रुग्णालयात गेलाय. खाटेवर मंडळीतल्या एका बाईंचा भाऊ आहे. प्रेस मशीनमध्ये त्याची दोन बोटं गेली आहेत.

विद्यार्थी: सलाम दादा. कसं वाटतंय आता?

रुग्ण: बरं हाय. ठेकेदार नाही आला अजून.

विद्यार्थी: देवावर भरोसा ठेवा, सगळं नीट होईल.

रुग्ण: हा.

विद्यार्थी: प्रार्थना करू का?

रुग्ण: करा.

वाचताना विद्यार्थ्याला यात काही वावगं वाटत नाही. भेट झाली, धीर दिला, प्रार्थना झाली. मग मार्गदर्शक विचारतात: "तो म्हणाला, ठेकेदार आला नाही. त्याचं तू काय केलंस? प्रार्थनेची घाई त्याला होती की तुला? ती बोटं बघवत नव्हती म्हणून तू डोळे मिटलेस का?" खोलीत शांतता पसरते. हे प्रश्न झोंबतात, पण पाळक इथेच घडतो. पुढच्या भेटीत तोच विद्यार्थी खाटेजवळ बसतो आणि विचारतो, "ठेकेदाराचं काय म्हणत होतात?" मग सगळं बाहेर येतं. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, पैसे कापले जातात, पण कार्ड कधी हातात दिलेलं नाही. ठेकेदार आला तर कामावर असताना इजा झाली असं लिहून देईल, नाही आला तर भरपाईही गेली आणि कामही गेलं. बायको परभणीला, सातवा महिना चालू. त्या दिवशीची प्रार्थना वेगळी होते, कारण आता कशासाठी मागायचं हे दोघांनाही ठाऊक असतं. आणि प्रार्थनेनंतर विद्यार्थी ईएसआयच्या कार्यालयात चौकशीला जातो. ठेक्यावरचा कामगारही त्या योजनेत बसतो, हे त्याला आता शिकावंच लागतं.

खाटेवरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असला तर आणखी एक शिस्त लागते. दुखण्याने हतबल झालेल्या माणसाच्या असहायतेचा फायदा घ्यायचा नाही. त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना नाही, त्याला नको असेल तर पुस्तिका नाही. ही नुसती कायद्याच्या भीतीने पाळायची गोष्ट नव्हे. प्रभू येशू आंधळ्या बार्तीमयालाही आधी "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" असं विचारतो.

कायद्याचं शिक्षण हा आपल्याकडचा मोठा खड्डा आहे. शहरातल्या पाळकाकडे लोक आधी कागद घेऊन येतात, शास्त्रवचनाची गरज नंतर पडते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायला कुणाला अधिकार आहे आणि परवाना कुणाला लागतो? मुलगी मंडळीतली आणि मुलगा शेजारच्या वस्तीतला असेल, दोघांनाही धर्म बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि त्याची तीस दिवसांची नोटीस समजावून सांगावी लागते. संडे स्कूलमधल्या एखाद्या लेकराने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे "घरातल्या घरात मिटवू" म्हणणारा मंडळीचा वडीलवर्ग मुलाचा घात करतो आणि कायदाही मोडतो. चर्चच्या जागेचा वाद धर्मादाय आयुक्तांपुढे गेला तर ट्रस्टची कागदपत्रं वाचता आली पाहिजेत. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश. त्यात आधी हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध धर्माचे लोक येतात. ख्रिस्ती झालेले दलित येत नाहीत. मराठवाड्याच्या शहरांत एकाच मुळाची दोन कुटुंबं, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, भिंतीला भिंत लावून राहतात आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला वेगवेगळे दाखले येतात. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव लिहिताना एखाद्या बापाचा हात का थबकतो, हे पाळकाला समजलं पाहिजे. त्याला अविश्वासी ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे.

लातूरचं आणखी निराळं. तिथे शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुलं वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात, सतरा-अठरा वर्षांची, 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या ताणाखाली. अशा मुलांमध्ये राहणाऱ्या पाळकाला नैराश्याची लक्षणं ओळखता यायला हवीत, डॉक्टरकडे केव्हा न्यायचं ते कळायला हवं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पाठ असायला हवा. उपास आणि प्रार्थना यांच्या जोडीने डॉक्टर, असं सांगणारा पाळक एखादं लेकरू वाचवू शकतो.

या सगळ्यात शास्त्राभ्यास मागे पडतो का? उलट तो धारदार होतो. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायात बाबेलला बंदिवान होऊन गेलेल्यांना पत्र आहे: घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. "इथे फक्त पोटासाठी आलोय, आपलं गाव ते आपलं" असं म्हणणाऱ्या रांजणगावच्या खोलीत हा अध्याय वाचला, की लोक सरसावून बसतात. आपण या शहराचे कोण, हा प्रश्न त्यांचा स्वतःचा असतो. करिंथात पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. दिवसा काम आणि संध्याकाळी मंडळी सांभाळणाऱ्या आपल्या अनेक सेवकांना पौल इथे सगळ्यात जवळचा वाटतो.

अशा सेवकांचा प्रश्न मात्र मोठा आहे. घर, नोकरी, लेकरंबाळं सोडून चार वर्षं पुण्याला कसं राहणार? जगात इतरत्र याची उत्तरं शोधली गेली आहेत. १९६० च्या दशकात शिकागोत शहरी सेवेच्या प्रशिक्षणकेंद्रातून पाळकांना खिशात मोजके डॉलर देऊन काही दिवस रस्त्यावर राहायला पाठवत. त्या प्रयोगाचं मला फारसं आकर्षण नाही. परत जायला घर असलेल्या माणसाला चार रात्रींत गरिबी कळत नाही. बॉस्टनचं उदाहरण मला जास्त पटतं. तिथे १९७६ मध्ये गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीने शहरातच केंद्र काढलं आणि आधीपासून मंडळ्या सांभाळणाऱ्या पाळकांसाठी संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग भरवले. इंग्रजीबरोबर स्पॅनिशसारख्या स्थलांतरितांच्या भाषांतही शिकवलं. सेमिनरी पाळकाच्या दारी गेली, त्याच्या भाषेत बोलली आणि पदवीचा दर्जाही तिने राखला.

आपल्याकडेही अशा शिक्षणाची वाट आहे. ग्वाटेमालात १९६३ मध्ये सुरू झालेली विस्तारित ईशज्ञान शिक्षणाची पद्धत बंगळुरूच्या टाफ्टी या संस्थेने भारतात आणली: घरी अभ्यास, ठरावीक दिवशी गटात चर्चा आणि चालू सेवेतच त्याचा वापर. सेरामपूरच्या सिनेटचाही कोलकात्याहून चालणारा बाह्य अभ्यासक्रमांचा विभाग आहे. पण पुस्तकं पोस्टाने किंवा मोबाइलवर येऊ शकतात, घाटीतल्या त्या कागदावर प्रश्न विचारणारा मार्गदर्शक येऊ शकत नाही. तो इथलाच लागतो. त्यातही पदव्युत्तर पातळीवरचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि मंडळी रडते, भांडते, प्रार्थना करते ती मराठीत. विद्यार्थी इंग्रजीत शिकलेलं मराठीत बोलायला जातो तेव्हा त्याचा उपदेश पाठ केल्यासारखा लागतो. ना. वा. टिळकांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून सांगितली त्याला शंभर वर्षं उलटून गेली. नैराश्य, ठेकेदारी, घटस्फोट यांच्यावर मराठीतून शिकवणारे पाठ अजून आपल्यालाच लिहायचे आहेत.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही दीक्षा मिळते, तरी आपल्या मंडळ्या शिकलेल्या मुलीला संडे स्कूलच्या पलीकडे सहसा नेत नाहीत. वाळूजच्या खोल्यांत दिवसा ज्या बायका असतात, हप्त्यांच्या आणि मारहाणीच्या गोष्टी ज्यांच्याकडे असतात, त्या एखाद्या पुरुष पाळकाला दारात उभं राहून किती सांगणार? शहरी सेवेसाठी शिष्यवृत्ती द्यायची झाली तर पहिली मुलीला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मंडळीच्या कमिटीला येत्या वर्षात करता येण्यासारखं बरंच आहे. आपला विद्यार्थी ज्या सेमिनरीत आहे तिथल्या प्राचार्यांना पत्र लिहावं की त्याचं उन्हाळ्याचं प्रात्यक्षिक काम आमच्याकडे द्या. त्याला राहायला एक खोली आणि जेवणाची सोय करावी. रविवारच्या उपदेशाला न जुंपता एक वस्ती नेमून द्यावी. मंडळीतल्या निवृत्त परिचारिका, कामगार संघटनेत काम केलेले कुणी आणि एखादे अनुभवी पाळक अशा तिघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसावं, त्याने लिहिलेली संभाषणं ऐकावीत आणि प्रश्न विचारावेत. वेल्लोरला अशा मार्गदर्शनाचं शिक्षण मिळतं, तिथे या तिघांतल्या एकाला पाठवायचा खर्च नाताळच्या मंडपातून सहज वाचेल.